घर दाखवणाऱ्याचं नाव

आमच्या धाकट्या बहिणीला आम्ही वकीलीण म्हणतो, ते ती कायदा शिकायला लागली म्हणून नव्हे. सहा वर्षांची असताना तिने आईला पुराव्यानिशी पटवून दिलं होतं की फुलदाणी मी फोडली. फोडली होती मीच, पण तो मुद्दा वेगळा.

पुढे ती खरोखरच कायद्याच्या कॉलेजात गेली. बाकी सगळ्या विषयांत पहिल्या पाचात, एकात मात्र दोनदा नापास. विषय दिवाणी प्रक्रियेचा, म्हणजे दावा कसा चालवायचा त्याच्या नियमांचा. आता तिसरा प्रयत्न. हाही हुकला तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि तिला आपल्या ऑफिसात घ्यायला तयार झालेल्या वकीलबाई तोवर थांबणार नव्हत्या. तसं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"खून समजतो मला," ती डोकं धरून म्हणायची. "फसवणूक समजते. पण अर्जाच्या प्रती किती, द्यायच्या कुठे, किती दिवसांत, सही कोणाची? ही तर नुसती कारकुनी."

"मग कारकून हो," मी मशीनवरून मान न उचलता म्हणायचो. मी शिंपी. बाहेरच्या खोलीतच माझं दुकान, त्यामुळे तिचं पाठांतर रोज माझ्या कानांवर. दोनदा कॉलर उलटी शिवली गेली, त्याचं खापर मी त्या विषयावरच फोडलं.

आमचे बाबा कोर्टात बेलिफ होते. एकतीस वर्षं त्यांनी समन्स, म्हणजे कोर्टाची बोलावणी, घरोघर पोचवली. शिक्षण दहावी. तिने त्यांना कधी काही विचारलं नाही, आणि न विचारता बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. मला याचा भयंकर राग यायचा. एकतीस वर्षांचा अनुभव समोर मटार सोलत बसलाय आणि ही भिंतीकडे बघून घोकतेय.

एका दुपारी तिचं चाललं होतं, "समन्स नाकारल्यास प्रत दारावर चिकटवावी. प्रत दारावर चिकटवावी."

"बाहेरच्या दारावर," बाबा म्हणाले. "आणि नुसतं चिकटवून यायचं नाही. कधी चिकटवली, का चिकटवली, घर कोणी दाखवलं त्याचं नाव, सगळं लिहायचं."

तिने पुस्तकात पाहिलं. तसंच होतं. "पण घर दाखवणाऱ्याचं नाव कशाला?" ती वैतागलीच.

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. "नोकरीचं पहिलं वर्ष. एका गल्लीत दोन दारं अगदी सारखी, दोन्हींना कुलूप. कोणाला विचारायची लाज वाटली. अंदाजाने एकावर चिकटवलं आणि नावाची जागा कोरी सोडली. वरच्यांनीही बघितलं नाही. दावा होता शेजारच्या घड्याळजीवर. त्याला पत्ताच नाही. त्याच्या माघारी निकाल विरुद्ध लागला, दुकान गेलं. तो कोर्टात आला तेव्हा हातात जुनी किल्ली होती. मला म्हणाला, मला एकदा सांगायचं तरी." बाबांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "दुकान परत मिळायला अकरा महिने लागले त्याला. त्यानंतर नाव लिहिल्याशिवाय मी एकही दार सोडलं नाही."

हे आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. माझं मशीन केव्हा थांबलं, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराचं कोर्ट झालं. आई समन्स नाकारण्यात इतकी पटाईत निघाली की बाबा म्हणाले, "अशी माणसं मला नोकरीतही फार भेटली नाहीत." वकीलीण अजूनही चिडायची, पण आता प्रत्येक नियमाला "हा कोणासाठी?" असं विचारून बाबांना भंडावून सोडायची. बाबा खुशीत होते. खरं सांगायचं तर मीही होतो, फक्त तिला कळू दिलं नाही.

निकालाच्या दिवशी बाबा आणि मी बटणं घेऊन परतलो, तर बाहेरच्या दारावर, माझ्या दुकानाच्या पाटीखाली, खळीने चिकटवलेला कागद. गुणपत्रिकेची प्रत. त्या विषयात एकसष्ट. खाली तिच्या अक्षरात रीतसर अहवाल. प्रत बाहेरच्या दारावर चिकटवली. कारण, तोंडाने सांगायला गेले तर रडू येईल. घर दाखवणारे, माझे वडील.

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"वेळ लिहायची राहिलीय," म्हणाले, आणि माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली.