एल्डर पार्कच्या एकशे अठ्ठेचाळीस ओळी

केंब्रिज स्टेशनपासून दहा मिनिटांवर, सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लहानशी संशोधन संस्था आहे. तिथे अकरा माणसं काम करतात. मोठ्या शहरांमध्ये कोणत्या वस्तीत किती हिंसाचार होतो आणि का होतो, याचा अभ्यास करणं हे त्यांचं काम. अकरापैकी दहा जणांच्या नावामागे डॉक्टर लागतं. अकराव्या म्हणजे धम्मशीला तायडे.

धम्मशीलाताईंचं वय छप्पन्न. बाहेरून आलेल्या फायली तपासून, साफ करून पुढच्यांच्या हाती द्यायच्या, एवढंच त्यांचं काम. आता ते काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो, हे ताईंना ठाऊक होतं. तसा प्रोग्राम त्यांनी स्वतःच लिहिला होता. पण तो चालवून झाला की चष्मा पुसून त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला बसत. आपल्या घरी तांदूळ निवडतात तशा.

ही सवय लंडनजवळच्या इल्फर्डची. नवरा भगवान एक्स-रे विभागात नोकरीला लागला म्हणून दोघं इंग्लंडला आली, तेव्हा ताईंकडे स्टॅटिस्टिक्सची पदवी होती, पण ती इथे कुणी विचारीना. मग एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात त्या चिकटल्या आणि चौदा वर्षं तिथेच राहिल्या. कोण कुठे पडलं, कुणाला कशाने लागलं, याच्या नोंदी करायच्या. पंचेचाळिसाव्या वर्षी लायब्ररीत बसून प्रोग्रामिंग शिकल्या. लेक मनाली तेव्हा जीसीएसईच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या, परीक्षेला बसली होती. मायलेकी एकाच टेबलावर अभ्यास करत. त्यानंतर सहा वर्षांनी केंब्रिजची ही नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी संस्थेने एक मोठं काम हाती घेतलं. अमेरिकेतल्या सहा मोठ्या शहरांमधल्या वस्त्यांची तुलना करायची: बंदुकीच्या गोळ्यांनी कुठे किती माणसं जखमी होतात, कुठे किती मरतात. नकाशे अंशुमनने केले. तो पुण्याचा, नुकतीच पीएचडी झालेला, हुशार. एका शहराच्या नकाशात एक वस्ती गडद लाल उमटली, आजूबाजूच्या सगळ्यांना मागे टाकून. तिचं नाव एल्डर पार्क. तीन वर्षांत चारशे बारा माणसांना गोळ्या लागल्या होत्या. अहवालाच्या पहिल्या पानावर हाच नकाशा घ्यायचं ठरलं. एका वर्तमानपत्राने तो आधीच मागून ठेवला होता.

अहवाल निघायला नऊ दिवस राहिले असताना ताई एल्डर पार्कच्या ओळी वाचत होत्या. एक ओळ म्हणजे गोळी लागलेलं एक माणूस. वाचता वाचता त्या थबकल्या. मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. चारशे बारांपैकी एकशे अठ्ठेचाळीस ओळींमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश एकच होते. दशांशानंतरचे सहाही आकडे तेच.

“अंशुमन, जरा इकडे ये,” त्यांनी हाक मारली. “दीडशे माणसांना एकाच फरशीवर उभं करून गोळ्या घातल्या का रे?”

अंशुमनने ती जागा नकाशावर उघडली. एल्डर पार्कमधल्या हॉस्पिटलचं दार. अँब्युलन्स जिथे थांबतात ते.

ताईंना पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. इल्फर्डला त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. मित्र जखमीला गाडीतून आणतात, दारात उतरवतात आणि निघून जातात. माणूस बेशुद्ध. कुठे झालं, कुणी सांगत नाही. फॉर्ममधला रकाना तर भरावाच लागतो. मग कारकून हॉस्पिटलचाच पत्ता टाकतो. शहराच्या चारी कोपऱ्यांतली माणसं एल्डर पार्कला आली होती ती गोळी लागल्यावर, जीव वाचवायला.

“पण ताई, बिग पिक्चर तर फारसं बदलत नाही ना,” अंशुमन चाचरत म्हणाला. नकाशा त्याचा होता. “सहा शहरांत मिळून हजारो केसेस आहेत.”

“बिग पिक्चर तुझं. तिथे राहणाऱ्यांसाठी तेवढीच वस्ती आहे.”

त्या तशाच उठून संस्थेच्या प्रमुख डॉ. क्लेअर व्हिटकम यांच्या खोलीत गेल्या. क्लेअर वाईट बाई नव्हती. पण तारीख जाहीर झालेली, वर्तमानपत्राला शब्द दिलेला.

“शीला, डेटा शहरानेच दिलाय,” क्लेअर म्हणाली. “आपण तळटीप टाकू.”

“तळटीप नकाशावर दिसत नाही, क्लेअर.”

क्लेअरने पेन खाली ठेवलं. ताई सहसा असं बोलत नसत. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसल्या आणि ऑफिसात आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली.

खानदेशातल्या एका रेल्वे जंक्शनच्या गावात, रुळांपलीकडे त्यांची भीमनगर वस्ती होती. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावरचे मजूर. गावात कुठेही चोरी झाली की पोलीस आधी भीमनगरात येत. दोघाचौघांना उचलत आणि कागदावर ठिकाण लिहीत: भीमनगर. चोरी झालेली असे बाजारपेठेत, नाहीतर मालधक्क्यावर. वर्षाच्या शेवटी कागद मोजले की सगळ्यात जास्त गुन्हे भीमनगरात. कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी पत्ता विचारला, तो ताईंनी सांगितला आणि शेजारी बसलेल्या मुलीने आपली पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

“आकडे खोटे नव्हते,” ताई म्हणाल्या. “प्रत्येक कागद खरा होता. फक्त जागा चुकीची होती.”

क्लेअरने कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाली, “चूक आहे, एवढं पुरणार नाही. बरोबर काय, ते मला दाखवावं लागेल. किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“अहवाल पुढे ढकलते. वर्तमानपत्राला मी सांगते.”

ताईंनी एकशे अठ्ठेचाळीस ओळी छापून घेतल्या. गोळ्यांचे आवाज ऐकून लोकांनी पोलिसांना केलेल्या फोनांची यादी त्याच शहराने वेगळ्या फायलीत जाहीर केली होती. तिच्यात एकेक वेळ शोधायची. जखमी माणूस सहा वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलात पोचला असेल, तर त्याआधीच्या तासाभरात शहरात कुठून फोन आला, तिथे पोलिसांना काय सापडलं, वर्णन जुळतं का. जुळलं तर खूण. शंका असली तर ‘माहीत नाही’ असं लिहायचं. अंदाजाने काही लिहायचं नाही. तिसऱ्या दिवशी अंशुमन आपली खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. “ताई, खालून मी सुरू करतो. मध्ये भेटू.”

शनिवारी मनालीचा लंडनमधल्या ईलिंगहून फोन आला. “आई, तुझा रिपोर्ट आली का?”

“आला का, म्हणावं. नाही आला.”

“पण तू एवढा टेन्शन का घेते? इट्स अमेरिका. तुला तिथे कोणी ओळखत पण नाही.”

“म्हणून तर,” ताई म्हणाल्या. “तुमचं चुकलंय, हे त्यांना मला येऊन सांगता येणार नाही.”

एकशे सत्तावीस ओळींपुढे कागदपत्रांवरूनच ठिकाण किंवा ‘माहीत नाही’ लिहून झालं, पण उरलेल्या एकवीस ठिकाणांची नावं ताईंना कळेनात. लोकांनी फोनवर सांगितलेली ती बोलीतली नावं होती, कुठल्याच नकाशावर नसलेली. त्यांनी एल्डर पार्कच्या सार्वजनिक लायब्ररीला ईमेल लिहिला. डेनिस हॉलिस नावाच्या ग्रंथपाल बाईंचं उत्तर आलं आणि एका दुपारी दोघी व्हिडिओ कॉलवर भेटल्या. डेनिसकडे तेव्हा सकाळ होती. डेनिस त्याच वस्तीत वाढलेली. ताईंनी वाचून दाखवलेली एकवीसही नावं तिने ओळखली. सगळी एल्डर पार्कमधलीच होती.

“म्हणजे या ओळी तुमच्याच,” ताई म्हणाल्या. “या मला कमी करता येणार नाहीत.”

“करूच नका,” डेनिस म्हणाली. “त्यातला एक माझा भाचा आहे. वाचला तो. आमच्याकडे काहीच घडत नाही असं कुणी लिहावं, असं मला मुळीच वाटत नाही. घडतं तेवढंच लिहा.”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हिशेब लागला. सत्त्याण्णव माणसांना दुसऱ्याच वस्त्यांमध्ये गोळ्या लागल्या होत्या. तिसांचं ठिकाण कळलं नाही. एल्डर पार्कच्या नक्की म्हणाव्यात अशा दोनशे पंच्याऐंशी ओळी उरल्या. वस्ती यादीत पहिल्या क्रमांकावरून सहाव्यावर आली. ताईंना त्यात निव्वळ आनंद झाला नाही. नदीपलीकडची एक गरीब वस्ती आता वर चढली होती, आणि तीही कुणाचं तरी घर होती. तेव्हा त्यांनी आणखी एक मागणी केली: वस्त्या अख्ख्या रंगवायच्याच नाहीत, गल्लीगल्लीचा नकाशा करायचा. अंशुमनने तो केला, आणि जे दिसलं ते पाहून क्लेअरही खुर्चीत पुढे सरकली. सहाही शहरांत तेच. ज्या वस्त्या बदनाम, त्यांच्यातल्याही बहुतेक गल्ल्यांमध्ये तीन वर्षांत एकाही माणसाला गोळी लागल्याची नोंद नव्हती. सगळं रक्त मोजक्या चौकांमध्ये सांडलं होतं.

क्लेअरने जुनं पहिलं पान काढून टाकलं. नवा अहवाल सहा आठवडे उशिरा निघाला. वर्तमानपत्राला ‘सर्वांत धोकादायक वस्ती’ हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी काहीच छापलं नाही. पण त्या शहराच्या आरोग्य खात्यातून पत्र आलं. नोंदीच्या फॉर्ममध्ये आता दोन रकाने असतील: माणूस कुठे आला आणि माणसाला गोळी कुठे लागली. अहवालावर लेखकांची तीन नावं होती. दुसरं होतं धम्मशीला तायडे, पूर्ण, ‘शीला’ नव्हे. क्लेअरने स्वतः विचारून, स्पेलिंग तपासून घातलेलं.

एप्रिलमध्ये ईलिंगच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती झाली. चंदाबाई नावाच्या वयस्कर बाईंनी ताईंना जवळ बसवून घेतलं. “जय भीम, बाई. मनाली सांगत होती, तू काहीतरी मोठं केलंस म्हणे अमेरिकेत?”

“अमेरिकेत गेलेच नाही हो मी. पत्ते दुरुस्त केले.”

त्याच महिन्यात डेनिसचा ईमेल आला. लायब्ररीत तिने गल्ल्यांचा नकाशा भिंतीवर लावला होता. लोक येतात, बोट फिरवत आपापली गल्ली शोधतात, लिहिलं होतं. ज्या दोन चौकांवर ठिपके दाटले आहेत तिथल्या बायकांनी मिळून शाळा सुटायच्या वेळी कोपऱ्यावर उभं राहायला सुरुवात केली आहे. आणि एक निवृत्त बसड्रायव्हर रोज येतो, नातवाला नकाशातली आपली कोरी गल्ली दाखवतो.

ताईंनी तो ईमेल जेवणाच्या सुट्टीत वाचला, अंशुमनला वाचायला दिला आणि डबा धुवून ठेवला. सातव्या शहराची फाईल सकाळीच आली होती. त्यांनी चष्मा पुसला.