वहिनीच्या वाट्याचा शब्द

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला ऑफिसात होते. रजा टाकली, एसटी धरली, मेडशीला पोचले. वाटेत रडू आलं नाही. खाटेवरचे त्याचे महिने पाहिलेल्या माणसाला, सुटला, असंच वाटणार...

माझा हा मोठा भाऊ एसटीत कंडक्टर होता. चढणाऱ्याला तिकिटाआधी ज्याचं त्याला अभिवादन करायचा. शेतकऱ्याला राम राम, बौद्ध शेजाऱ्यांना जय भीम, दर्ग्याला निघालेल्यांना सलाम आलेकुम, शिरपूरच्या यात्रेकरूंना जय जिनेंद्र, तांड्यावरच्यांना जय सेवालाल. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, पण एवढं मात्र उरलं. समोरच्यानं म्हटलं की उत्तर बरोबर यायचं. पाणी मागता येत नव्हतं. कुठे दुखतंय, तेही सांगता येत नव्हतं.

गावाला ते पटेना. येणारा प्रत्येक जण आपलं अभिवादन करून बघायचा आणि उत्तर मिळालं की खूश. "कोन म्हनते वाचा गेली? मस्त बोलून राह्यला ना बाप्पा!" मी एकदोघांना स्पष्ट सांगितलं, तर मीच फटकळ ठरले.

वहिनी दाराआडून ऐकायची. तिलाही त्याच्याकडून एक शब्द हवा होता. पण घरच्या बाईला कोण राम राम घालतं? मी मुक्कामाला आले असताना एका सकाळी तीच त्याच्यासमोर उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "राम राम."

"राम राम," दादा म्हणाला. वाटसरूला म्हणावं तसं.

ती आत आली. "जगाले वळखते, अन् मले परकी करून टाकलं वं माय."

"डूटीवरून आल्यावर काय म्हने तुले?" मी विचारलं.

"काई नाई. दारात खाकरे. मी चहा ठेवो."

पुढे त्याच्या छातीत कफ भरला. तो सारखा खोकायचा आणि वहिनी उठून गॅसकडे जायची. घोटभरही त्याला गिळता येत नव्हतं. ती चहा गाळून उशाशी ठेवायची, गार झाला की ओतून द्यायची. डॉक्टर म्हणाले, हा खोकला चांगला नाही. मी तिला तसं सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मले आवाज देऊन राह्यले ते."

तेरवीनंतर काही आठवड्यांनी आम्ही दोघं मेडशीला गेलो. चपला काढताना माझे यजमान दारात खोकले. वहिनी चटकन उठली, पातेलं ठेवलं, गॅस पेटवला. मग वळून दाराकडे पाहिलं... आणि गॅस बंद करून आतल्या खोलीत गेली.

यजमानांचा चहा मी केला.