मृगाच्या किड्याची जाहीर मोजणी

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील प्रत्येक सभेहून पिशवीभर आणत आणि मी ती जेवता जेवता वाचत असे. त्यामुळे पिंपळनेरच्या शाळेत, आठवीत असताना, विज्ञानाच्या सरांनी माझं उत्तर खोडलं तेव्हा मी रडले नाही. पत्रक काढलं.

प्रश्न होता, मृगाच्या किड्याला पाय किती? मी लिहिलं होतं, आठ. सरांचं म्हणणं, किडा म्हटला की सहाच. मी कार्बन लावून चार प्रती केल्या: ‘मृगाच्या किड्यावरील अन्याय दूर करा! पायांची जाहीर मोजणी झालीच पाहिजे!’ एक प्रत खळ लावून थेट फळ्यावर डकवली.

सरांनी ती शेवटपर्यंत वाचली. “आणा पुढारीणबाई, तुमचा किडा.”

किड्यांना तोटा नव्हता. त्या दिवसांत भुईमुगाच्या बांधावर ते डाळिंबाच्या दाण्यांसारखे सांडलेले असत. वर्गात जवळजवळ प्रत्येकाच्या काडेपेटीत, ओल्या मातीवर एकतरी होताच. मी माझा टेबलावर ठेवला. सरांनी पेन्सिल लावली आणि त्याने सगळे पाय पोटाशी घेतले. राहिली नुसती लाल मखमलीची गोळी.

“शून्य,” सर म्हणाले. “आपण दोघंही नापास.”

नोटीस घेऊन आलेले शिपाई नाना दारातूनच बोलले, “हात नका लावा, सर. भ्यायना शे तो. उगामुगा बसा, मंग चाली.”

अख्खा वर्ग श्वास धरून बसला. हळूहळू पाय सुटले. पुढचे दोन हवेत चाचपू लागले.

“त्या मिशा,” सर म्हणाले. “खाली सहा.”

“मिशा टेकून कोण चालतं, सर?”

मी विचारलं, कारण तेवढ्यात किड्याने तेही दोन टेकले आणि हजेरीपटाकडे निघाला. सरांनी नाक टेबलाला लावून दोनदा मोजलं.

“मग हा कीटकच नाही?”

“नाही, सर. कोळ्याचा भाऊबंद.”

हे मात्र मी पत्रकात लिहिलं नव्हतं. सकाळपासून ती मखमल गालाला लावणाऱ्या मुलींनी काडेपेट्या भिरकावल्या. मुलं बाकांवर चढली. फरशीभर लाल ठिपके चालू लागले आणि सर खुर्चीवर उभे राहिले.

“आठ! आठच आहेत! उचल आता ते बठ्ठे, सगळेच्या सगळे!”

मी वही पुढे केली. “आधी बरोबरची खूण, सर.”

त्यांनी पँट एका हाताने वर धरून, गुडघ्यावर वही ठेवून खूण केली. मग मी खाली बसले आणि एकेक उचलू लागले.