एका फोनवर तीनच पोरं

माझा धाकटा भाऊ अजिनाथ कॉम्प्युटरमधला माणूस आहे. शेजारणी विचारतात, म्हणजे नेमकं काय करतो? मी सांगते, वेबसाइट बिघडली की नीट करतो. त्यालाच विचारलं तर तो चष्मा वर सरकवून असं काही सांगतो की विचारणारी बाई पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. दसरा झाला की आई-वडील टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. अजिनाथ तान्हा होता तेव्हा त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं, म्हणून माझी शाळा पाचवीत सुटली. उसाच्या फडाच्या कडेला त्याला घेऊन मी दिवस दिवस बसायची. थोडा मोठा झाल्यावर त्याला मामाकडे ठेवलं, तो शिकला, आणि नगरच्या एका लहानशा कंपनीत लागला. माझं सासर इथंच केडगावला. यजमानांची पिठाची गिरणी आहे, वरची खोली रिकामी होती, तिथं तो राहतो. जेवायला खाली येतो, आणि भाजी आवडली नाही की मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो.

पोरगा गुणाचा आहे, पण एक खोड आहे. टोळीचं नाव त्याला सोसत नाही. एकदा त्याचे साहेब घरी चहाला आले. त्यांनी सहज विचारलं, गावी वडील काय करतात? अजिनाथ म्हणाला, शेती. शेती आहे आमची, खोटं नाही. पण त्या रानात चार महिन्यांचं पोटही भरत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी कपबशा उचलून आत गेले. त्या दिवशी तो माझ्या मनातून थोडा उतरला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या कंपनीला एका संस्थेचं काम मिळालं. ही संस्था ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. आई-बाप कारखान्यावर गेले तरी पोरं मागं राहून शाळा शिकतात. प्रवेशाचे अर्ज आता वेबसाइटवर घ्यायचे ठरलं. फोन नंबर टाकायचा, मुलाची माहिती भरायची, फोटो आणि शाळेचा दाखला चढवायचा, झालं. ते सगळं अजिनाथनंच बनवलं. संस्थेच्या लोकांना भीती होती की कुणी एजंट उठेल आणि खोटी नावं भरून जागा अडवेल. त्यावर काय उपाय काढला ते त्यानं मला जेवताना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. माझं लक्ष आमटीकडे होतं, मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

दसऱ्याच्या आधी फोन सुरू झाले. मदतीसाठी दिलेला नंबर संध्याकाळी त्याच्याकडेच असायचा, आणि तो फोन स्पीकरवर टाकून जेवायचा, म्हणून सगळं माझ्या कानावर पडायचं. त्यात एक बाई रोज फोन करायची. पुष्पावती तिचं नाव. आमच्याच भागातली, हे पहिल्या वाक्यालाच मला कळलं. टोळीत शिकलेली ती एकटीच, फोनही तिचाच, त्यामुळे टोळीतल्या सगळ्या पोरांचे अर्ज तीच भरत होती. दुसऱ्यांच्या तिन्ही पोरांचे झाले होते. तिच्या स्वतःच्या मुलीचा, ज्ञानेश्वरीचा, फोटो काही केल्या चढत नव्हता. फाइल अपलोड झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा, एवढंच दिसायचं. पोरगी सातवीत होती, आणि वसतिगृहात जागा नाही मिळाली तर तिला टोळीबरोबर न्यावं लागणार होतं.

अजिनाथनं विचारलं, स्वतःच्या मुलीचा आधी का नाही भरला? बाई म्हणाली, फोन माझा, मग माझ्याच पोरीचं पहिलं कसं करू, लोक काय म्हणतील? त्यावर हा नुसता हसला.

मग त्यानं एकेक उपाय सांगायला सुरुवात केली. फोटो मोठा असेल, लहान करा. फोटोचा प्रकार वेगळा असेल, साध्या कॅमेऱ्यानं काढा. रेंज नसेल, उंचावर जा. बाई बिचारी सांगेल ते करायची. एकदा तर टेकडीवरच्या देवळापाशी चढून तिनं तिथूनच फोन लावला, धाप लागलेली ऐकू येत होती. इकडे हाही कामाला लागला होता, नाही असं नाही. सर्व्हरवर फोटो किती मोठा चालेल याची मर्यादा त्यानं वाढवली. सर्व्हरवरची जागा भरली का ते पाहिलं. फोटो ज्या फोल्डरात जातात तिथं लिहायची परवानगी आहे का तेही तपासलं. सर्व्हरच्या नोंदीत बिघाड म्हणून काहीच दिसेना. ऑफिसातून त्यानं स्वतःचे डझनभर फोटो चढवून पाहिले, सगळे सुरळीत गेले. मग काय, त्याची खात्रीच पटली की चूक बाईची आहे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "साहेब, मुकादमाच्या फोनवरनं करून बगू का? त्यो उद्या येनार हाय."

"फोन बदलून काही होत नसतं हो," अजिनाथ वैतागून म्हणाला. "तुम्ही फोटो नीट लहान करत नाही. तुमच्याच फोनवरून पुन्हा करा."

बरं म्हणाली ती. मग जरा थांबून तिनं विचारलं, साहेब, तुमी कुठले? बोलणं वळखीचं वाटतं. हा म्हणाला, नगरचा. फोन ठेवल्यावर मी त्याला विचारलं, पाथर्डीकडचा म्हणायला जीभ झडली असती का तुझी? तो ताट सरकवून उठला.

नंतर तिचा फोन यायचा बंद झाला. अजिनाथ म्हणाला, बघ, जमलं शेवटी तिला. मलाही तसंच वाटलं.

दिवाळीत माझी मुलं त्यांच्या आत्याकडे गेली होती, घर शांत होतं. अजिनाथ दुपारी ओट्यापाशी येऊन म्हणाला, अक्का, तुझा फोन दे. संस्थेला मोबाईलवरून अर्ज कसा भरायचा ते दाखवायचं होतं, त्याची तयारी करायची होती. माझ्या नंबरावरून त्यानं खोटी नावं घालून अर्ज भरायला घेतले. फोटो म्हणून करंज्यांचं ताट, गिरणीची पाटी, माझं मांजर, काय दिसेल ते चढवत होता. मांजराचा अर्ज मंजुरीला गेला म्हणून आम्ही दोघं हसलो. त्याच्यानंतरचा फोटो चढेना. फाइल अपलोड झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा.

त्यानं फोटो लहान केला. पुन्हा तेच. दुसरा घेतला. पुन्हा तेच. माझ्या हातात झारा होता आणि मी म्हणत होते, अरे उंचावर जाऊन बघ. चेष्टेनं म्हणत होते. त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यानंच लावलेलं कुलूप होतं ते. एजंटांना रोखायला त्यानं असा नियम घातला होता, की एका फोन नंबरावरून तीनच मुलं भरता यावीत. चौथं आलं की तो नंबर आठवडाभर बंद. कुणी पुन्हा प्रयत्न केला की तो आठवडा पुन्हा पहिल्यापासून सुरू. एजंटाला कळू नये म्हणून संदेश मात्र साध्या बिघाडाचाच ठेवला होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरांना त्यातून सूट होती, म्हणून तिथं सगळं सुरळीत चालायचं. नोंदीत बिघाड दिसत नव्हता, कारण सर्व्हरनं त्याला सांगितलेलंच काम चोख केलं होतं. उन्हाळ्यात ज्या नियमाची एवढी ऐट मारली, तो हा स्वतःच साफ विसरून गेला होता. आणि पुन्हा करा, पुन्हा करा म्हणत त्या बाईचं कुलूप रोज नव्यानं घट्ट करत होता.

मी झारा खाली ठेवला. मला इतका संताप आला होता की आवाज चढेना.

"टोळीत फोन किती असतात रे, अजिनाथ?" मी विचारलं. "तुला कुणी वेगळं सांगायला पाहिजे होतं का?"

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. आमच्या बापाच्या टोळीतही एकच फोन असायचा. कुणाच्या घरी काही झालं की सगळी टोळी त्या एका फोनभोवती गोळा व्हायची. हे त्याला माहीत होतं. पण नियम लिहिताना तो ऑफिसातल्या लोकांसारखा विचार करत होता, कारण त्यांच्यातलाच एक दिसायची त्याची धडपड होती. मला त्याची कीवही आली आणि लाजही वाटली. माझ्या कडेवर वाढलेला हा पोरगा आपल्याच माणसांना एजंट समजला होता.

त्यानं तो नियम तिथंच बसून काढून टाकला. साहेबांना फोन करून काय झालं ते सांगितलं, स्वतःचं नाव न लपवता. मग अडवलेले नंबर काढून एकेकाला फोन लावला. बहुतेकांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून भागवलं होतं. पुष्पावतीनं मात्र ह्या तिच्या साहेबाचं ऐकलं होतं. तिची टोळी केव्हाच नेवाशाकडे फडावर गेली होती, आणि ज्ञानेश्वरी बरोबर होती. संस्थेनं मोठ्या मनानं सांगितलं की मुलीला आणून सोडा, जागा करू.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर आम्ही दोघं निघालो. मला घेऊन का चालला आहेस, असं मी विचारलं नाही. एकट्यानं जायची त्याची छाती नव्हती. घोडेगावच्या पुढं रस्ता विचारत विचारत टोळीच्या कोप्या सापडल्या. कोप्या म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, लहानपणी आम्ही राहायचो तशाच. एका कोपीपुढं परकराचा ओचा खोचून एक पोरगी उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, पेंढ्या बांधत होती. पाठीशी झोळीत भाऊ निजलेला. तीच ज्ञानेश्वरी.

वेबसाइटवाले साहेब आले म्हणताच पुष्पावती फडातून पळत आली. हातपाय धुतले, आम्हाला पोत्यावर बसवलं, चूल पेटवली. शेजारच्या बायांना सांगू लागली की साहेब रोज माझा फोन उचलायचे, कधी कंटाळा केला नाही, आता पोरीसाठी इतक्या लांब आले. अजिनाथची मान खाली जात जात गुडघ्यापर्यंत आली. चहाचा कप त्याच्या हातात तसाच होता. मी त्याला कोपरानं ढोसलं नाही, की त्याच्या वतीनं बोलले नाही. ते त्याचं त्यानं करायचं होतं.

शेवटी तो बोलला, आणि ऑफिसातली भाषा त्याच्या तोंडून निघाली नाही.

"मावशी, तुमचं काय बी चुकलं न्हवतं. एका फोनवर तीनच पोरं, आसा नेम म्याच घातला हुता. मुकादमाच्या फोनवरनं केलं आसतं तर कवाच झालं आसतं. म्याच नको म्हन्लो." मग त्यानं मान वर केली. "म्या बी टोळीतलाच हाय. आमचं आई-बाप तोडीलाच हुतं."

पुष्पावती चुलीतलं लाकूड मागं ओढत होती, तिचा हात थांबला.

"टोळीतलं हाय तुमी?" ती म्हणाली. "मंग तुमाला तरी ठावं पायजे हुतं, भाऊ."

एवढंच. ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकवेना. साहेब होता तो त्या एका वाक्यात भाऊ झाला, आणि भाऊ म्हणून मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी टपटप कपात पडत होतं. त्यानं ते पुसलंही नाही.

पुष्पावतीनं पोरीला हाक मारून सांगितलं, तोंड धू, दप्तर घे, शाळंत जायचंय. ज्ञानेश्वरी जागची हलली नाही. झोळीतलं पोरगं जागं झालं होतं, तिनं त्याला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आन ह्याला कोन घील?"

ठरलं होतं वेगळंच. पोरगी वसतिगृहात, आणि लहानग्याला घेऊन आजी, पुष्पावतीची सासू, गावी राहणार. पण पोरीला जागा मिळाली नाही, ती बरोबर येणारच आहे म्हटल्यावर आजी हंगामापुरती लेकीकडे निघून गेली. नियम काढून टाकला तरी हे काही परत जाग्यावर येणार नव्हतं. पुष्पावतीनं पोराला तिच्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं. म्हणाली, फडाच्या कडेला झोळी बांधीन, रडंल थोडं, तू जा. ज्ञानेश्वरी आईकडे बघत राहिली, मग मुकाट्यानं आत जाऊन दप्तर घेऊन आली.

परतताना ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. रस्ताभर मान वळवून ती मागं बघत होती. कोप्या दिसेनाशा झाल्यावर तिनं माझा दंड घट्ट धरला. मग अजिनाथ पुढं बघतच म्हणाला, "अक्का, मला घ्यायचं म्हणून तुझी शाळा..."

मला इतक्या वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता ऐकायची माझी तयारी नव्हती.

"गाडी नीट चालव," मी म्हटलं. "पोरीला वेळेत पोचवायचंय."