तांबड्या चांदणीसाठी तुरीचे दाणे

माहा भाऊ रत्नदीप हिंगणघाटच्या एका जिनिंगात कापसाची प्रत ठरवते. मूठभर रुई घेतली, नमुन्याशेजारी धरली, की झालं; दुसऱ्यांदा पाहणं नाई. लहानपणापासून असाच आहे, घमेंडी. मी मोठी बहीण आहो, मले म्हणायचा हक्क आहे.

चांदण्यायचा नाद त्याले नागपूरच्या एका मंडळानं लावला. काही चांदण्यायचा उजेड कमीजास्त होत राह्यते, तो डोळ्यानं पाहून कळवायचा. रत्नदीपनं मृगातली तांबडी चांदणी, काक्षी, धरली अन् बायकोले, कोकिळेले, संगं घेतलं. जेवणं झाली की दोघं गच्चीवर. तिथंच मृगात खाली एक ठळक पांढरी चांदणी आहे, अन् काक्षीच्या बाजूले एक मंद पांढरी. काक्षी त्या ठळक चांदणीएवढी दिसली तं मुठीत तुरीचा एकही दाणा नाई; जशी त्या मंद चांदणीकडं झुकन तसे दाणे वाढवायचे. एकमेकाले न सांगता दोघायनं मुठी भरायच्या अन् कठड्यावर संगंच उघडायच्या. दोघायनं आपापलं पाहिलं तवाच खरं कळते, असा मंडळाचा नेम.

पाचसहा वर्षांआधी हिवाळ्यात कोकिळेच्या मुठीतून दाणे जास्त निंघू लागले. हा हासे. "चष्मा बदल तुहा," म्हणे, अन् तिचे दाणे काढून टाके. ती गच्चीवर यायचीच बंद झाली. मंग मंडळाचा निरोप आला, काक्षी खरंच मंदावली, साऱ्या दुनियेले दिसून राह्यली. ह्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मिनतवाऱ्या करून तिले परत वर नेलं.

तिथंच थांबला असता तं बरं होतं. पण माह्या भावाचं सारं अतीच. मागच्या हिवाळ्यात पुन्हा तिचे दाणे वाढले. ह्याले काक्षी चांगली झगझगीत दिसे, पण मागची लाज पोटात बसलेली. ती ताटलीतून दाणे उचले, हा आवाजावरून अंदाज घे अन् तितकेच आपल्या मुठीत घे. मंडळानं कळवलं, बाकी कोणाले मंद दिसत नाई. हा त्यायच्याशी भांडला. "माही बायको चुकत नाई," म्हणे.

उन्हं तापू लागली तशी मी त्यायच्या गच्चीवर मिरच्या वाळू घातल्या. कोकिळा पाहून म्हणाली, "बाई, यंदा मिरचीले रंगच नाई जी." मिरची तं लालभडक होती. मी रत्नदीपले हाक मारली, "अबे, चांदणी राहू दे. तुह्या बायकोले लाल दिसत नाई."

सेवाग्रामले नेलं. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, डोळ्याच्या नसा सुकून राह्यल्या, त्यात लाल रंग आधी फिका पडते. उजवा गेलाच होता. डावा आहे तेवढा राहीन, पण आधी आणलं असतं तं दोन्ही वाचण्यासारखे होते.

त्या दिवसापासून ह्याचं अन्न तुटलं. ताटावर बसे अन् तसाच उठे. शेवटी एका संध्याकाळी माह्यासमोरच कोकिळेपुढं बसला. "मले चांदणी बराबर दिसे," म्हणाला. "मी तुह्या दाण्यायचा आवाज ऐकून तितकेच घेत होतो. तुले पुन्हा खोटं पाडायचं नव्हतं. माह्यामुळं गेला तुहा डोळा." अन् रडू लागला.

कोकिळा म्हणाली, "मले शंका आलती जी. डोळ्यालेच काही झालं का, असं वाटे. पण रोज तुमचेही तितकेच निंघत. म्हटलं, दोघायले सारखंच दिसून राह्यलं, मंग डोळ्याले काय धाड भरली."

रत्नदीप उठला अन् गच्चीवरची तुरीची ताटली खाली घेऊन आला. कोकिळेनं दाण्यायचा आवाज ऐकून तिकडं तोंड वळवलं.

"ती वरच राहू द्या," म्हणाली. "आता तुमाले दिसन तितकेच दाणे घेत जा. मले तुमच्याच मुठीवर भरोसा ठेवा लागन."