जाळी लावा, मग मशीन चालू करतो

निकाल आमच्या बाजूने लागला त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. अशिलाने माझे दोन्ही हात धरले, त्याची बायको कोर्टाच्या जिन्यावर बसून रडली, आणि मी फाइल बगलेत मारून विचार करत होतो की आता जेवायला कुठे जायचं.

चौतीस वर्षं मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कामगारांचे दावे चालवतोय. सुरुवातीला साधा स्टे मिळाला तरी दोन दिवस पाय जमिनीवर ठरत नसत. ते कधी थांबलं, मला सांगता येणार नाही.

हा अशील लातूरकडचा. संत तुकाराम नगरात राहायचा आणि भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवायचा. शेजारच्या मशीनवर एकाची तीन बोटं गेली, कारण काम भराभर व्हावं म्हणून मशीनपुढची जाळी काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी याने सांगितलं, "जाळी लावा, मग मशीन चालू करतो." जाळी लागली नाही. याने मशीन चालू केलं नाही. कामात अडथळा आणला म्हणून कंपनीने चौकशी बसवली आणि याला काढून टाकलं. चूक कोणाची हे रस्त्यावरच्या कोणालाही विचारलं असतं तर चहा संपायच्या आत कळलं असतं. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट धरून ते ठरायला अठरा वर्षं लागली.

न्यायाधीश झोपा काढतात असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. कायदाही वाईट नाही. तो फक्त ज्याला थांबायला परवडतं त्याच्याकडे झुकतो, आणि कंपनीला म्हातारपण येत नाही. तारीख पडली की तिचा वकील आणि मी कॅन्टीनला चहा प्यायचो. अशील बाहेर बाकावर बसलेला असायचा. पूर्वी मला त्या चहाची लाज वाटायची.

मधल्या काळात तो तळवड्याच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम करत राहिला. कंपनीने दोनदा तडजोड पुढे केली. दोन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली. "मला माझं मशीन पाहिजे साहेब," एवढंच म्हणाला.

कामावर परत घेण्याचा आदेश हातात आल्यावर आम्ही दोघं माझ्या गाडीतून चाकणला गेलो. कंपनी केव्हाच तिकडे हलली होती. गेटवर एक ओळखीचा माणूस भेटला. कंपनीच्या जमिनीचा मूळ मालक म्हणजे या माणसाचा बाप. भूसंपादनाच्या वेळी तो बाप माझ्या सिनियरकडे चपला बाहेर काढून यायचा. मुलगा आता त्याच कंपनीला कंत्राटी माणसं पुरवतो. गेटसमोर त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्यावर तीन वेगवेगळ्या पक्षांचे पुढारी होते, कारण ते तिघंही सध्या एकत्र आहेत की नाहीत, हे छापणाऱ्यालाही नक्की माहीत नसावं.

"वकीलसाहेब, आता समदी पोरं माझ्याकडनं जात्यात," तो म्हणाला. "पर्मनंट कुनी ऱ्हायलंच न्हाई. तुमी कशापायी आला?"

मी आदेश दाखवला. त्याने तो मोबाइलवर स्कॅन केला, मोबाइलला त्याचा अर्थ विचारला आणि मला वाचून दाखवला. हल्ली हे असंच चालतं. अशील माझ्याकडे येतात ते उत्तर घेऊनच. मला फक्त त्याच्यावर सही करायची असते.

आत एचआरची मुलगी होती, माझ्या धाकटीच्या वयाची. तिने पाणी मागवलं. ती उद्धट असती तर मला सोपं गेलं असतं.

"काका, ऑर्डरप्रमाणे तुम्हाला घेऊ आम्ही," ती त्याला म्हणाली. "पण ते मशीन आता नाहीये. इथे प्रेसवर रोबो आहेत."

"मग मी काय करू?"

"स्टोअरमध्ये बसा. काम आलं की सांगू."

मी कागदावर 'हजर झाला' असं लिहून घेतलं, तिच्या सहीखाली शिक्का मारून घेतला. वकिलाचं काम तिथे संपतं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या ऑफिसात आला. अंगात कंपनीचा नवा युनिफॉर्म होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती.

"साहेब, राजीनामा लिहून द्या."

"कोणी काही बोललं का?"

"न्हाई. समदे काका काका करायलेत. मी नुसता बसायलो. काल उठून लाइन बघायला गेलो, तर एक पोरगं म्हणालं, काका, पिवळ्या पट्टीच्या आत येऊ नका, मशीन आपोआप बंद पडतंय."

"बरोबर आहे. सेन्सर असतो."

"व्हय," तो म्हणाला. "जाळीपेक्षा चांगलं हाय ते. माणूस जवळ आला की थांबतंय."

मी त्याला समजवायला हवं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, बसून राहा, हा तुमचा हक्क आहे, असं म्हणायला हवं होतं. हेच वाक्य मी सभांमधून कितीदा टाळ्या घेत बोललो आहे. पण तो समोर बसला होता. मी कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या.

सही करण्याआधी त्याने विचारलं, "म्हंजे आपण हरलो न्हाई ना?"

"नाही. निकाल तुमच्याच बाजूने आहे."

"निकालाची एक झेरॉक्स द्या मग. पोरीला दाखवतो."

मी दोन दिल्या. तो तळवड्याला परत कामाला लागला, असं नंतर कळलं. तिथे त्याला दोन मशीनं सांभाळायला दिली आहेत.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, त्या माणसाचं काय झालं? मी सांगितलं. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मी आमटी वाढून घेतली. नवे कामगार कायदे आलेत, त्यांचं पुस्तक वाचायचं राहिलं होतं.