सेक्रेटरींच्या हातचा भात

चिखलीत मनकर्णाबाईंना ‘गोळेबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गाव ते केवढं, ऐकू येतंच. आठवडी बाजारात वांगी निवडायला वाकल्या, की मागून कुणीतरी खुसपुसायचं, “गोळेबाई आल्या बरं का!” का, तर म्हणे भाताचा गोळा केला. उभ्या जन्मात जिच्या हातून भात कधी बिघडला नाही, तिला हे नाव! राग येईल की नाही, तुम्हीच सांगा.

बाई विधवा. ना शेत, ना घर. गावातल्या मुलांच्या एका बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या आणि तिथंच मागच्या खोलीत राहायच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यांची बदली तुमसरला झाली, म्हणून मनकर्णाबाईंचं लहानपण धानाच्या मुलखात गेलं. आपल्याकडं भात म्हणजे सणाचा, पाहुण्याचा, नाहीतर आजाऱ्याचा. रोजचं पोट भरायचं ते ज्वारीवर. भाकरी, नाहीतर रटरट शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. तिकडं मात्र दोन्ही वेळा भात. शेजारणींच्या चुलीशी बसून ही पोर भात शिकली, आणि असा शिकली की शीत शिताला चिकटायचं नाही.

मग गेल्या वर्षीचा तो गोळा कुठून आला?

त्याचं असं झालं. महाराष्ट्र होऊन दीड-पावणेदोन वर्षं झाली होती. जानेवारीत शिक्षण खात्याचे साहेब बोर्डिंग तपासायला आले आणि मुलांच्या पंक्तीत जेवायला बसले. बोर्डिंगचे सेक्रेटरी हिंमतराव यांनी स्वतः बाजारात जाऊन तांदूळ आणला होता. पांढराशुभ्र, चकचकीत, आणि महिन्याभरापूर्वीच शेतातून निघालेला. मनकर्णाबाईंनी एक दाणा दाताखाली धरला तर त्याचा भुगा. “सेक्रेटरी, हा नवा हाय. मोकळा होनार नाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त शिजवा,” हिंमतराव म्हणाले. पाणी कमी घालून, जीव ओतून बाईंनी तो शिजवला, वरण ढवळलं, विहिरीवर जाऊन आल्या आणि झाकण काढलं तर आत खळ! साहेबांच्या पानात गोळा पडला. हिंमतराव भर पंक्तीत ओरडले, “बाई, भात करता येत नाई तर सांगायचं होतं!” आणि मुलांना तो गोळा संपवायला लावला. बोर्डिंगाच्या भिंतीवर त्यांनीच रंगवून घेतलं होतं ना, ‘पानात अन्न टाकू नये’! शेवटचं शीत संपेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

त्या दिवसापासून मनकर्णाबाईंना भाताला हात लावायची बंदी. वर्षभर भाकऱ्या थापल्या. मनातल्या मनात त्या तांदळालाच दोष देत राहिल्या. नवा होता, काय करणार!

यंदा जानेवारी आला, साहेबांचं पत्र आलं, आणि भातासाठी ठेवलेला आचारी दोन दिवस आधी मुलीच्या लग्नाला निघून गेला. हिंमतराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“भात तुम्हालाच टाकावा लागते. पन सांगून ठेवतो, यंदा गोळा झाला तर खोली खाली करा.”

बाईंनी मागच्या खोलीकडं पाहिलं. खोली गेली तर जायचं कुठं? पण तोंड गप्प बसेना. “टाकीन. पन तांदूळ मी निवडीन.”

शेषरावांच्या दुकानात दोघं गेले. हिंमतरावांचा हात सरळ चकचकीत ढिगाकडं. बाईंनी तो ढीग पाहिलासुद्धा नाही. कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला, तळव्यावर बारीक भुकटी राहिली ती पाहिली, वास घेतला आणि एक दाणा दाताखाली मोडला. कट्ट!

“हा जुना. वरसाच्या वर झालं याले.”

“अवं, हा पिवळा दिसते! साहेबाले पिवळा भात वाढता काय?”

“शिजला का पांढरा होते, सेक्रेटरी. मोगऱ्यावानी होते. तुम्हाले काय ठाव!”

“खरं हाय बाईचं,” शेषराव गालात हसत म्हणाले. “दहा वरसात असं दातानं पारखनारं गिऱ्हाईक नाई आलं.” हिंमतराव कुरकुरत का होईना, कबूल झाले.

साहेब यायच्या दिवशी चुलींवर भाकरी आणि वरण होतं, म्हणून भाताला वातीचे दोन स्टोव्ह मिळाले. दोन्हींवर एकेक मोठं पातेलं. बाईंनी तांदूळ हलक्या हातानं तीनदा धुतला, दाणा मोडू दिला नाही. अर्धा तास भिजवला. पाणी खळखळल्यावर मीठ आणि पळीभर तेल घालून तांदूळ सोडला. दाणा बोटांत दाबून पाहिला. मधोमध टाचणीच्या टोकाएवढी कणी राहिली, तशी पातेल्याला फडकं बांधून पेज ओतून टाकली. मग वाती अगदी बारीक, वर झाकण, झाकणावर पाण्याचा तांब्या. आता दहा मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही. वाफ आपलं काम करते. तिला करू द्यायचं, एवढंच माणसाचं काम.

पंक्तीला पाणी कमी पडलं म्हणून त्या कळशी घेऊन विहिरीवर गेल्या. गेल्या आणि आल्या. दारात येऊन पाहतात तर काय!

हिंमतराव स्टोव्हपाशी उभे. एका पातेल्याचं झाकण जमिनीवर. हातात भाकरी उलटायचा सराटा, आणि भात असा घोटत होते की कपाळावर घाम. शेजारी पाण्याचा लोटा रिकामा.

“हे काय करून राह्यले तुम्ही!”

“बुडाले लागत होता ना! पानी टाकलं, हलवून घेतलं. माही माय कण्या अशाच हलवे. हलवल्या नाई का करपतात.”

“कण्या हायेत का त्या?”

“गेल्या साली बी मीच हलवला होता, म्हनून तर करपला नाई!”

अगदी सहज म्हणाले हो. उपकार केल्यासारखं! आणि सराटा घेऊन दुसऱ्या पातेल्याकडं वळले.

मनकर्णाबाईंना आता सगळं कळलं. एक वर्ष! एक वर्ष भाकऱ्या थापल्या, बाजारात मान खाली घालून फिरल्या, त्या तांदळाला शिव्या घातल्या. आणि हा माणूस! याच्या डोक्यात अजूनही आलं नव्हतं की गोळा यानं केला. अंगाचा नुसता भडका उडाला. कळशी खाली आदळून त्या दुसऱ्या पातेल्याच्या आडव्या उभ्या राहिल्या.

“याले हात लावसान तर याद राखा. जा, पंगतीत बसा. सायेब आले.”

आवाज असा होता की हिंमतरावांनी सराटा मुकाट्यानं खाली ठेवला.

पंगत बसली. साहेब मधोमध, शेजारी हिंमतराव, पुढं मुलांच्या दोन रांगा. मनकर्णाबाईंनी साहेबांच्या ताटात भात वाढला. पांढराशुभ्र, शीत न् शीत सुटं. साहेबांनी बोटांनी उचलून पाहिलं. मग मुलांना वाढला, तोही तसाच. पुरवून पुरवून वाढला. आणि मग आतून घोटलेल्या भाताचं पातेलं आणून हिंमतरावांच्या ताटात डावानं वाढलं. थप्पकन गोळा पडला.

साहेबांची मान वळली. “बाई, एका पंक्तीत दोन भात?”

“सायेब, तुमचा भात मी केला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “त्यो सेक्रेटरीनं केला. मी विहिरीवर गेली, तवा पानी घालून घोटला. गेल्या सालचा बी त्यांनीच घोटला होता. नाव मात्र माह्यं झालं. भर पंगतीत झालं, म्हनून आज भर पंगतीत सांगून राह्यली.”

साहेबांनी हिंमतरावांकडं पाहिलं. “खरंय का?”

हिंमतराव एकदा गोळ्याकडं बघत, एकदा शेजारच्या ताटातल्या भाताकडं. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला असावा. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“हाव,” ते म्हणाले. “मीच हलवला. बाईची चूक नव्हती.”

मुलांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी वरण कालवून पहिला घास घेतला आणि म्हणाले, “बाई, असा भात मी बऱ्याच दिवसांत खाल्ला नव्हता.” मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे टिपले. रडू रागाचं होतं की आनंदाचं, त्यांचं त्यांनाच कळेना.

हिंमतरावांनी गोळ्यावर वरण घेतलं. दोन घास कसेबसे गिळले. मग ताट थोडं पुढं सरकवून हळूच म्हणाले, “मनकर्णाबाई, थोडा तो मोकळा वाढा ना.”

बाई मोकळ्या भाताचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डाव उचलला नाही. मान वळवून भिंतीवर रंगवलेल्या ओळीकडं पाहिलं, मग सगळ्या मुलांनीही पाहिलं.

“वाढीन ना, सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या. “आधी पानातला संपवा.”